मला राग नव्हता

लग्न होऊन धावड्याला आले आणि वर्षभरातच माझी ख्याती झाली: सून रागीट आहे. भांडं जोरात ठेवलं, राग. गप्प बसले, तरी राग. आमच्या घरात मनातल्या सगळ्या कटकटींना हा एकच शब्द होता आणि तो माझ्या नावावर लागला होता.

खरं कारण शेतातल्या शेडनेटमध्ये होतं. आम्ही बियाण्यासाठी मिरची करतो. दुपारी कळी उघडून चिमट्याने आतले नर, म्हणजे पुंकेसर, काढायचे, देठाला खुणेचा लाल दोरा बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुलाला दुसऱ्या जातीचे पराग लावायचे. काम नाजूक, आणि मी ते चांगलं करायचे. हे मीच सांगते, कारण तेव्हा दुसरं कोणी सांगत नव्हतं. माझी ओळ संपली की मागून सासरे यायचे आणि प्रत्येक फुलाला पुन्हा पराग लावायचे. रोज.

"मामा, मी लावून राह्यले ना?"

"असू दे. खात्री केलेली बरी."

मग घरी येऊन मी परात आपटायचे आणि सासूबाई म्हणायच्या, "आला बघा हिला राग."

एका दुपारी कळ्या उघडता उघडता मी नीट विचार केला. राग म्हणावा, तर सासऱ्यांवर माझा जीव होता. कंटाळा म्हणावा, तर काम मला आवडायचं. वैताग उन्हाचा येतो, डासांचा येतो, पण त्यांना कोण जाब विचारणार? इथे माझं केलेलं काम कुणीतरी न केल्यासारखं धरत होतं. ही चीड होती. शब्द सापडला आणि मला एकदम हलकं वाटलं. चिडीला कारण असतं, आणि कारण तोंडावर सांगता येतं.

त्याच संध्याकाळी जेवताना सांगितलं.

"मामा, मला तुमचा राग न्हाई. पण माझं झालेलं काम तुम्ही पुन्हा करता, त्याची चीड येती. चार ओळी माझ्या एकटीच्या राहू द्या. फळ कमी धरलं तर मंग मी पुन्हा बोलणार न्हाई."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. सासरे सावकाश पाणी प्यायले. "बराबर हाय," म्हणाले. "चार ओळी तुझ्या."

पुढचे दिवस माझा जीव टांगणीला लागला. फळ धरलं नसतं तर जन्मभर रागीट म्हणूनच राहिले असते. पण माझ्या चार ओळी लगडल्या. बाकीच्या ओळींत सासऱ्यांचं पुन्हा पराग लावणं चालूच होतं आणि तिथे लाल दोऱ्यांसकट फुलं खाली पडली होती. नाजूक फुलाला दोनदा हात सोसत नाही, हे त्यांना वाकून बघितल्यावर कळलं. मी मान जरा जास्तच ताठ ठेवून घरी आले.

परवा बियाणे कंपनीचे साहेब प्लॉट बघायला आले. माझ्या ओळीतलं फूल तपासायला त्यांनी बोट पुढे केलं, तर सासऱ्यांनी लांबूनच हटकलं.

"साहेब, त्या ओळींना हात लावू नका. काम झालेलं हाय. पुन्हा कोणी हात लावला की चीड येती."

"कुणाला, सुनेला?"

"तिला तर येतीच," सासरे म्हणाले. "आता मलाबी येती."