गजभिये साहेबांची लाल गाडी आणि तिचा सैल गिअर

गजभिये साहेबांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते माझ्या खुर्चीत बसले होते. अमरावतीहून नवी नेमणूक घेऊन मी भिलाईला आलो होतो. कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये खिडकीजवळचे टेबल तुमचे, असे मला आत येतानाच सांगण्यात आले होते. मला पाहताच ते उठले. "बसा, हे टेबल तुमचंच हाय. माह्या टेबलावर पंखा नाही, म्हणून इथं बसून राहिलो होतो," असे म्हणून त्यांनी आपल्या रुमालाने खुर्ची पुसून दिली. थोड्याच दिवसांत शॉपमधला प्रत्येक जण काही विचारायचे झाले की माझ्या टेबलाला वळसा घालून त्यांच्याकडे जाऊ लागला. तेव्हापासून मला मनोहरराव गजभिये या माणसाचा हेवा वाटत आला आहे. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात तो लपवून लिहिणे मला जमणार नाही, आणि लपवण्यात अर्थही नाही, कारण त्यांना तो पहिल्यापासून ठाऊक आहे.

त्यांचा हेवा करणे सोपे नव्हते. एकदा शॉपमधल्या क्रेनचा गिअरबॉक्स आवाज करू लागला. साहेबांचे मत पडले की तो आख्खा बदलावा लागेल. मी म्हणालो, एकच बेअरिंग गेले आहे. उघडून पाहिले तर बेअरिंगच गेले होते. दुसऱ्या दिवशी बैठकीत सर्वांसमोर उभे राहून, माझ्याकडे हात करून ते म्हणाले, "काळमेघ बरोबर होते अन् मी चुकलो." बैठक संपल्यावर लोक जिन्यातून उतरताना गजभिये साहेबांच्या मोठ्या मनाविषयी बोलत होते. बेअरिंगची गोष्ट कोणी काढली नाही.

पण हेव्याला खरे रूप आले ते लाल गाडीमुळे. आमचे वरिष्ठ घोषाल साहेब यांच्याकडे इंग्लंडमध्ये बनलेली, उघड्या टपाची, दोनच माणसे बसतील अशी जुनी स्पोर्ट्स गाडी होती. निवृत्तीनंतर कोलकात्याला परतताना ती ते मागे ठेवून जाणार होते. गजभिये साहेबांनी ती मागितली, मीही मागितली. घोषाल साहेबांनी आम्हा दोघांना वेगवेगळे चहाला बोलावून एकच प्रश्न विचारला, गाडीचे काय कराल? मी तयारीने गेलो होतो. मी सांगितले की गाडी पुन्हा नव्यासारखी करीन, कापड घालून ठेवीन, धुळीचा कण बसू देणार नाही. गजभिये साहेबांनी सांगितले की बायकोला बसवून सिविक सेंटरला भाजी आणायला जाईन. गाडी त्यांना मिळाली.

सेक्टर २ मध्ये आमची क्वार्टर्स शेजारी शेजारी होती. रविवारी सकाळी ती गाडी सुरू झाल्याचा आवाज मला आमच्या न्हाणीघरात ऐकू यायचा. शकुंतलावहिनी पदर डोक्यावरून घट्ट घेऊन शेजारी बसायच्या, आणि परतताना त्यांच्या मांडीवर कोबी आणि मेथी असायची. मी स्कूटर पुसत उभा असायचो.

त्याच गाडीने माझ्यावर उपकार केले, हेही सांगितले पाहिजे. माझी पत्नी कुंदा पहिल्या खेपेला अडली, तेव्हा ॲम्ब्युलन्स येईना. साहेबांनी तिला लाल गाडीत बसवले आणि निघाले. तिसऱ्याला जागा नव्हती. मी मागून स्कूटरवर गेलो, रस्त्यात स्कूटर बंद पडली, ढकलत पोहोचलो तेव्हा साहेब इस्पितळाच्या पायऱ्यांवर उभे होते. "मुलगी झाली. दोघीबी चांगल्या हायेत," ते म्हणाले. माझ्या मुलीच्या जन्माची बातमी माझ्या आधी त्यांना कळली होती. त्यांचे हात धरून मी रडलो, आणि रडतानाही तेवढी एक गोष्ट मला टोचली. ती आजही टोचते.

पुढे आम्ही दोघे निवृत्त झालो. साहेबांनी भिलाईतच वैशाली नगरात घर बांधले, मी जवळच राहायला आलो, आणि गाडी पोर्चमध्ये उभी राहू लागली. मागच्या हिवाळ्यात सिविक सेंटरच्या पार्किंगमध्ये साहेबांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी झटक्याने मागे जाऊन भिंतीला धडकली. वहिनींचा चष्मा फुटला, त्या घाबरल्या. आणखी काही झाले नाही. पण पुण्याहून त्यांच्या मुलीने, प्रज्ञाने, फोनवर निक्षून सांगितले की या वयात ही गाडी घरात नको. साहेबांना ते पटले. त्यांनी मला फोन केला.

"काळमेघ साहेब, गिअरबॉक्स गेला वाटते. याचं सामान आता कुठं भेटते? तुमच्याशिवाय कोणाले देऊ? या अन् घेऊन जा."

मी कुंदाला सांगून शेडमधली अडगळ हलवायला लावली आणि चालतच निघालो. इतकी वर्षे वाट पाहिलेली वस्तू आणायला जाताना पाय जमिनीवर ठरत नाहीत.

गाडीत बसून मी गिअरचा दांडा हातात घेतला. पातेल्यातला डाव फिरावा तसा तो सगळीकडे फिरत होता. मूठ काढली, रबराचे आवरण वर ओढले, खालचे झाकण उघडले. दांड्याच्या बुडाशी अंगठ्याएवढे नायलॉनचे बुश असते, दांडा त्याच्यात बसतो आणि गिअर नेमका लागतो. त्या बुशचा भुगा झाला होता, म्हणूनच पहिल्या गिअरऐवजी रिव्हर्स पडला होता. बाकी सारे ठणठणीत होते.

मी झाकण हातात घेऊन तसाच बसून राहिलो. गाडी माझी होण्यासाठी मला खोटे बोलावे लागणार नव्हते. फक्त झाकण परत बसवायचे होते. साहेब पोर्चच्या पायरीवर बसून गाडीकडे न बघता समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

वहिनींनी दारातून विचारले, "भाऊजी, कावून गप्प झाले?"

तो भुगा मी तळहातावर घेऊन साहेबांपुढे धरला आणि म्हणालो, "गिअरबॉक्स चांगला हाय, साहेब. बुश झिजलं, बस. मी बनवून देतो."

साहेबांनी तो भुगा बोटाने चाळवला. "म्हणजे मी पुन्हा चुकलो," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझ्या रिकाम्या केलेल्या शेडची आठवण झाली.

ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर मी स्वतः नायलॉनचा तुकडा लावला. पहिले बुश सैल झाले, ते टाकले. दुसरे घट्ट आले; ते घेऊन आम्ही पोर्चमध्ये बसलो. थोडे घासायचे, बसवून पाहायचे, परत काढायचे, असे चालले. शेवटी बुश जागेवर धरून ठेवणारी लॉकची कडी बसवताना साहेबांची बोटे थरथरू लागली. कडी उडून वहिनींच्या पायापाशी पडली. त्यांनी पक्कड माझ्या हातात दिली आणि स्वतः बॅटरीचा उजेड धरला. तेवढ्या वेळापुरते मला त्यांच्या कशाचाही हेवा वाटला नाही. मग कडी बसली, ग्रीस भरले, आणि दांडा आपल्या जागी टक् करून उभा राहिला.

"पहिले तुम्ही चालवा," साहेब म्हणाले.

मी एकट्यानेच फेरी मारली. प्रत्येक गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडत होता. वैशाली नगरातून मोठ्या रस्त्याला लागलो, आणि परत फिरायची माझी मुळीच इच्छा नव्हती. फिरलो. फाटकात साहेब आणि वहिनी उभे होते. वहिनींच्या हातात पिशवी होती, डोळ्यांवर नवा चष्मा होता. मी किल्ली दिली. वहिनी आत बसल्यावर साहेब माझ्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, "प्रज्ञाले बुशचं समजावलं, ती मानली. अन् हेबी सांगून ठेवलं हाय, माह्या मागं ही गाडी तुमची."

मग ते दोघे सिविक सेंटरला गेले आणि मी चालत घरी आलो.

साहेब आज पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्याविषयी इतर मित्र या ग्रंथात खूप चांगले लिहितील आणि ते सारे खरे असेल. माझे मागणे एवढेच आहे की साहेबांची बोटे स्थिर राहोत, नजर तीक्ष्ण राहो, रविवारची भाजी त्यांनीच आणावी, वहिनींनी शेजारी बसावे, आणि त्यांच्यावर माझा असाच जळफळाट होत राहावा. बुश झिजले तर मी नवीन बनवीन. पण ती गाडी मला कधीही मिळू नये.