सव्वा इंच

माझी गाडी सव्वा इंचाने जास्त उंच आहे, हे मला ती घेतल्यावर पाच वर्षांनी कळलं. तोवर ती मला बुटकीच वाटायची. कोपरीतली आमची जुनी बिल्डिंग पाडून तिथे टॉवर झाला, कल्याणला भाड्याने काढलेली चार वर्षं संपली आणि आम्ही नवरा-बायको नव्या घराची किल्ली घेऊन ठाण्यात परत आलो. घरासोबत पार्किंग मिळालं ते पाळण्याचं. पाळणा म्हणजे मोठी लोखंडी फळी. तिच्यावर गाडी उभी करून आपण बाहेर यायचं, वॉचमनने किल्ली फिरवली की फळी गाडीसकट वर जाते आणि खालच्या जागेत दुसऱ्याची गाडी लागते. आमच्या वाट्याला वरची जागा आली आणि तिच्या डोक्यावर सिमेंटचा बीम. गाडी बिमाला आपटू नये म्हणून फळीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला एक प्रकाशकिरण सोडलेला असतो. तो टपामुळे अडला की भोंगा वाजतो आणि पाळणा जागचा हलत नाही.

माझी गाडी फळीवर चढली आणि भोंगा वाजला. टपावरची अँटेना पिळून काढली तरी वाजला. चारी चाकांतली हवा कमी करून पाहिली, तरी तो बोंबलतच होता.

सोसायटीचे चेअरमन खाली आले. माणूस वाईट नाही, फक्त मोजायची टेप खिशात घेऊनच जन्माला आलाय. त्यांनी टेप लावली आणि म्हणाले, "मॅडम, सव्वा इंच जास्त आहे. तीन महिन्यांत पार्किंग वापरात आलं नाही, तर जनरल मीटिंगमध्ये ते वेटिंग लिस्टला द्यावं लागेल. नियम आहे."

"आणि माझी गाडी?"

"रस्त्यावर लावाल तर टोइंगवाले उचलतील. मी तर म्हणेन, विकून टाका."

आमचे हे शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "बरोबर बोलतायत ते. विकू या ना. रिक्षा आहेत, कॅब आहेत."

मी काहीच बोलले नाही. मी गप्प बसले की घरात सगळ्यांना वाटतं मला पटलंय. या समजुतीवर आमचा अख्खा संसार झालाय.

ती गाडी मी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी घेतली. सेकंड हँड, पण पहिलीच आणि माझ्या एकटीच्या नावावर. यांना गाडी चालवता येत नाही, शिकायचंही नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझ्या मागच्या सीटवर माझ्या निम्म्या वयाच्या मुली बसायच्या आणि मी क्लच सोडला की देवाचं नाव घ्यायच्या. धाकटी बहीण टिटवाळ्याला राहते. आधी आमची भेट वर्षातून दोनदा व्हायची, भाऊबीज आणि एखादं लग्न. गाडी आल्यापासून दर दुसऱ्या रविवारी मी तिच्या ओट्याशी उभी असते. येताना कुणाला विचारायचं नाही, जाताना कुणाची वाट बघायची नाही. हे सुख मला फार उशिरा मिळालं, आणि आता ते सव्वा इंचासाठी सोडा म्हणत होते.

असं एकदा झालंही होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्ही डोंबिवलीला एका खोलीत राहायला गेलो. आईने दिलेलं पायमशीन माझ्याबरोबर होतं. त्यावर मी शेजारणींचे ब्लाउज शिवायचे. ह्यांनी खोली पाहिली, मशीन पाहिलं आणि म्हणाले, "जागा नाही गं." मी "बरं" म्हटलं. मशीन चाळीतल्या एका बाईकडे गेलं. तिच्या दारावरून जाताना त्याचा आवाज यायचा, म्हणून मी कित्येक महिने लांबच्या जिन्याने जायचे. ते "बरं" मला अजून सलतं.

यावेळी मी "बरं" म्हणणार नव्हते.

पहिली शक्कल ह्यांचीच. एका रविवारी चेअरमनसकट चार पुरुष गाडीत बसवले आणि गाडी खरोखर दबली. भोंगा एकदम गप्प! ह्यांनी आतून टाळी वाजवली. वॉचमन म्हणाला, "आता सगळे उतरा, माणसं आत असताना पाळणा वर नेत नाही." सगळे उतरले, गाडी उठली आणि भोंगा पुन्हा सुरू झाला. चार चांगली शिकलेली माणसं पाच मिनिटं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी होती.

पण त्यातून मला एक कळलं. वजन हवं, पण उतरून न जाणारं. गावाहून दिरांनी वर्षाचा तांदूळ पाठवला होता, सहा कट्टे. दोन डिकीत घातले, तीन मागच्या सीटवर, एक माझ्या शेजारी. भोंगा वाजला नाही. पाळणा वर गेला, पण तो विजय नव्हता, ती लबाडी होती. कट्टे रोज चढवणार-उतरवणार कोण? म्हणून ते गाडीतच राहिले. शेजारच्या सीटवर वजन आहे म्हणून गाडी सारखी पीं-पीं करायची. शेवटी मी कट्ट्याला सीटबेल्ट लावला. अशी मी तांदळाला पट्टा बांधून दोनदा टिटवाळ्याला जाऊन आले. दुसऱ्या वेळी बहिणीने काचेतून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ताई, भावोजींपेक्षा हा बरा. मध्ये बोलत तरी नाही."

महिन्याभरात तांदळाला पोरकिडे झाले आणि ते स्टीअरिंगवर चालायला लागले. गाडीही विचित्र वागायला लागली. स्पीडब्रेकर ओलांडला की पुढचं नाक दोन-तीनदा वर-खाली व्हायचं, होडीत बसल्यासारखं. कट्टे घरात आणले, चादरीवर पसरून निवडले, आणि गाडी खरोखरच बसकी करून घ्यायचं ठरवलं. मीटिंगला पाच आठवडे उरले होते.

स्टेशनजवळच्या गॅरेजवाल्याला तर आनंदच झाला. "ताई, लोअर करायची? मस्त! स्प्रिंगची दोन-दोन वेटोळी कापतो डायरेक्ट, अर्ध्या तासात काम. सगळी पोरं तेच करतात."

"आणि शॉकअप?"

"त्याला काय होतंय? चालतील तेच."

अर्ध्या तासात काम ऐकून मी किल्ली पुढे केलीच होती. पण ज्याला काहीच विचारावंसं वाटत नाही त्याच्या हाती सुरी द्यायची नाही, हे मी शिवणकामात शिकलेय. कापड एकदा कापलं की कापलं. मी किल्ली परत पर्समध्ये टाकली आणि कल्याणला गेले.

कल्याण पूर्वेला पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री आहेत. भाड्याच्या घरात असताना गाडी त्यांच्याकडेच असायची. हत्यारांच्या फळीवर बुद्धाची छोटी तसबीर, तिच्याखाली पाने मापाप्रमाणे ओळीने लावलेले. मी सगळं रामायण सांगितलं. तांदळापाशी आल्यावर ते हसले नाहीत, हे मला आवडलं. उठले, बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी खाली दाबली आणि सोडली. नाक वर आलं, खाली गेलं, वर आलं, खाली गेलं.

"ताई, एकदा वर येऊन थांबायला पायजे. ही थांबत नाय. स्प्रिंग गाडीचं वजन धरते आणि शॉकअप तिचा झोका थांबवतो. हा झोका कुणी थांबवतच नाय बघा." मग चाकामागे हात घालून बाहेर काढला. बोटं तेलाने काळी झाली होती. "पुढचे दोन्ही गळतायत."

"मग बसकी करायची तर चारी बदलावे लागतील?"

"कोण म्हणतं? मागचे कोरडे आहेत, ठणठणीत. सव्वा इंचाला वेगळे आखूड शॉकअपपण नकोत. दोन इंच, अडीच इंच खाली घेतली असती तर तेपण बदलायला लागले असते. तुमच्या गाडीसाठी बनवलेली बसकी स्प्रिंग मिळते, ती घालू. कापायची नाय. कापलेली स्प्रिंग जागेवर नीट बसत नाय, कधी सुटेल सांगता येत नाय. पुढचे दोन शॉकअप मात्र आत्ताच. स्प्रिंग बदलायला ते खोलावे लागणारच, मग परत दुसऱ्यांदा कशाला खोलायचे?"

हे घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "शॉकअप कशाला? पाळण्यात मावायला स्प्रिंगच पुरे ना?"

"पाळण्यात मावल्यावर ती चालवायचीय," मी म्हटलं. "पाळण्यात ठेवून ओव्या म्हणायला घेतलेली नाही." दोघेही हसलो, पण मी मागे हटले नाही.

स्प्रिंग मिळायला तीन आठवडे लागले. काम एका दिवसात झालं, चाकांचं अलाइनमेंट केलं, विमेवाल्यांनाही कळवलं. संध्याकाळी मिस्त्रींनी टेप लावली आणि भुवई चढवली. गाडी एक इंचच उतरली होती. पाव इंच बाकी! 

"नव्या शॉकअपात गॅस असतो, तो थोडा वर ढकलतो. नवीन स्प्रिंग पण अजून बसली नाय. चालवा, ताई. जितकी चालवाल तितकी बसेल."

"आणि नाही बसली तर?"

"बसते," ते म्हणाले आणि हात पुसायला लागले.

मीटिंगला आठ दिवस होते. घरी मी पाव इंचाबद्दल बोलले नाही. फक्त रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडले. ठाण्याहून कल्याण, कल्याणहून टिटवाळा, तिथून परत डोंबिवली. शिळफाट्याला ट्रकांच्या मधून गेले, जिथे मी आजवर कधी गाडी घातली नव्हती. टेंभी नाक्याच्या गर्दीतून भर दुपारी गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी खड्डे चुकवत नव्हते, मोजत होते, आणि प्रत्येक खड्ड्याला मनात म्हणत होते, बस गं बाई, बस. नवे शॉकअप काय असतात हे मला त्या आठवड्यात कळलं. खड्डा यायचा, गाडी एकदा दबायची, एकदा उठायची आणि थांबायची. आमच्या गेटवरच्या उंच स्पीडब्रेकरवर मात्र तिला तिरकी घालावी लागते. त्याची मला सवय झाली, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा तोराही आला. आठ दिवसांत मी मागच्या सहा महिन्यांपेक्षा जास्त फिरले. रोज रात्री टेप लावायचा मोह व्हायचा, पण मी लावली नाही.

मीटिंगच्या सकाळी सगळी मंडळी पार्किंगमध्ये जमली. वेटिंग लिस्टमधले चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ नव्या गाडीची किल्ली बोटात फिरवत उभे होते. मी गाडी फळीवर चढवली, हँडब्रेक लावला आणि बाहेर आले. वॉचमनने किल्ली फिरवली.

भोंगा वाजला.

 चेअरमननी वहीचं पान उलटलं. मला काय वाटलं ते सांगते, रडू आलं नाही, राग आला, त्या पाव इंचाचा, बिमाचा आणि पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या एका "बरं"चा.

तेवढ्यात वॉचमन टाचा उंचावून म्हणाला, "मॅडम, टपावर काय आहे?"

टपावर झेंडूचं भलंमोठं केशरी फूल होतं, आणि सोबत चार अक्षता. मी सगळ्यांकडे पाहिलं. आमचे हे खाली बघत होते. सकाळी मी अंघोळीला गेलेली, तेव्हा हे गुपचूप खाली येऊन गाडीची पूजा करून गेले होते. बॉनेटवर वाहिलेलं फूल वाऱ्याने पडेल, म्हणून टपावर, अँटेनाच्या खाचेत नीट खोचून ठेवलं होतं.

"अहो!" मी एवढंच म्हटलं.

वॉचमनने फूल काढलं आणि किल्ली परत फिरवली. भोंगा वाजला नाही. पाळणा करकरला आणि माझी गाडी जमिनीवरून उठली, आमच्या डोक्यांच्या वर गेली आणि बिमाच्या खाली अलगद जाऊन थांबली. चेअरमननी खालून मान वर करून पाहिलं, टेप खिशातून काढली आणि तशीच परत ठेवली. मग त्यांनीच पहिली टाळी वाजवली. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थही हसले आणि त्यांनी मला मिस्त्रींचा पत्ता विचारला. त्यांच्या नव्या गाडीची उंची त्यांनी अजून मोजलेली नव्हती.

सगळे मीटिंगला वर गेले. आम्ही दोघं तिथेच वर बघत उभे राहिलो. ह्यांच्या हातात ते फूल होतं.

"मशीनला हँडल बसवून हातमशीन करता आलं असतं गं," ते म्हणाले. "खाटेखाली मावलं असतं."

पस्तीस वर्षांत त्यांनी मशीनचा विषय काढला नव्हता. मला वाटायचं ते विसरले.

"मला तेव्हाही माहीत होतं," मी म्हटलं.

"मग बोलली का नाहीस?"

"आता बोलले ना."

मी वॉचमनला हाक मारली आणि गाडी परत खाली घ्यायला सांगितली. मीटिंग सुरू होती, पण आमचा विषय संपला होता, आणि तो दुसरा रविवार होता. हे शेजारच्या सीटवर येऊन बसले आणि न सांगता त्यांनी पट्टा लावला.