पाठ उघडी पडते

संस्थेत लागून मला सहा महिनेच झाले होते, तेव्हाची गोष्ट. गोंडपिपरीकडच्या एका गावात मी पानांच्या द्रोण-पत्रावळी करायचं मशीन घेऊन गेले. ज्या बाईला ते द्यायचं होतं, तिचा नवरा आदल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना वाघाच्या हल्ल्यात गेला होता. मागे दोन मुली. अशा घरांना स्वतःच्या पायावर उभं करायचं, हे आमचं काम.

मी बटण दाबून एक द्रोण काढून दाखवला. धाकटी मुलगी टाळ्या वाजवायला लागली. बाईने तो द्रोण हातात घेऊन फिरवून पाहिला.

"पानं कुठून आणाची जी?"

"जंगलातून," मी म्हणाले, आणि बोलून झाल्यावर मलाच ते ऐकू आलं.

तिने द्रोण मशीनवर परत ठेवला. मग मीच गावच्या बचत गटातल्या बायांशी बोलून ठरवलं, की सगळ्यांनी मिळून जायचं, डबे वाजवत जायचं, तिला मधे ठेवायचं. ती जायला लागली. मला बरं वाटलं.

एकदा मीही त्यांच्यासोबत गेले. पळसाची झाडं रस्त्यापासून फार आत नव्हती. बाया भराभर पानं तोडत होत्या. ही एका झाडाखाली उभी होती. हात फांदीकडे जायचा आणि खाली यायचा. पुन्हा जायचा, पुन्हा खाली.

"काय झालं ताई?"

"मले जमत नाई जी. पान तोडाले हात वर केला का पाठ उघडी पडते."

तिच्या नवऱ्याला वाघाने मागूनच धरलं होतं, हे मला तेव्हा एका बाईने हळूच सांगितलं. ही झाडाला पाठ टेकून बसून राहिली. निघताना प्रत्येकीने आपल्या गठ्ठ्यातली मूठभर पानं तिला दिली. काही आठवडे तसंच चाललं. पुढे ते थांबलं. त्यांनाही आपापली घरं होती.

त्याच सुमारास ऑफिसने स्वावलंबी झालेल्या कुटुंबांचे फोटो मागितले. मी शेजारणीच्या घरून पत्रावळींची चळत आणली, हिच्यापुढे मांडली आणि म्हणाले, "ताई, थोडं हसा ना." ती हसली. फोटो चांगला आला. जिल्ह्याच्या बैठकीत तो पडद्यावर दाखवला, माझं कौतुक झालं.

थंडीत ती स्वतःच ऑफिसात आली.

"मी मिरची तोडाले जाऊन राह्यली, तेलंगणात. मशीन दुसऱ्या कोणाले द्या."

"जाऊ नका. मी दुसरं काही बघते."

"तिथं वावर मोकळं हाय जी. चारी बाजूनं दिसते."

ती गेल्यावर मी खरंच बघितलं. पण यादीत तिच्या नावापुढे 'स्वावलंबी' असं लागलं होतं, दुसरी कुठलीच मदत बसत नव्हती. ते मीच लिहिलं होतं. खोडून द्या म्हणून साहेबांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, "फोटो वरपर्यंत गेला आहे." मी पुन्हा विचारलं नाही.

मोठीला तिने आश्रमशाळेत ठेवलं. धाकटीला शाळेतून काढून सोबत नेलं. उन्हाळ्यात मिरचीला गेलेल्या बाकीच्या बाया परत आल्या, ती आली नाही. तिकडेच एका शेतावर राहिली म्हणे. धाकटीच्या हाताची कशी आग होते, मिरची तोडून आल्यावर ती कशी रडते, हे त्या बायांनी मला बसस्टँडवर उभ्या उभ्या सांगितलं, आणि त्या गाडीत चढल्या.