नात्यात चालेल का?

गल्लीबोळात त्यांना सगळे 'मतवाल्या बाई' म्हणत. अठरा वर्षं दारोदार फिरून त्या लोकांची मतं कागदावर उतरवत होत्या. उत्तर ऐकून मान डोलवायची नाही, नाक मुरडायचं नाही, हा त्यांचा खाक्या. लोक चहा पाजून खोदून खोदून विचारत, "पण बाई, तुमचं मत काय?" बाई मूग गिळून बसत.

या खेपेला विषय होता शेजारचे देश. सीमा खुल्या कराव्यात का, तिकडचा माल, तिकडची माणसं इकडे यावीत का. घरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली, आणि यादीत नेमकं बाईंच्या थोरल्या भावाचं घर निघालं. बाईंनी सीमेपलीकडच्या माणसाशी लग्न केलं तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, भावानं अबोला धरला होता. साऱ्या गावाची मतं विचारणाऱ्या बाईंना हे एक दार वाजवायचा धीर झाला नव्हता, आता बोला! नातलगाचा कागद दुसऱ्याकडे द्यायचा, असा नियम होता. बाईंनी तो दिला नाही. तिथे जायला दुसरं निमित्त तरी कुठलं होतं?

भाऊ शिंपी. तो मशीनवरून उठला नाही.

"कामावर आलेय, दादा."

"मग विचार."

"तिकडचं कापड इथे विकायला यावं का?"

"यावं की. स्वस्त पडतं."

"तिकडच्या माणसांना इथे काम मिळावं का?"

"मिळू दे. पोट सगळ्यांनाच आहे."

"शेजारी राहायला आले तर चालेल?"

"चालेल."

बाईंना वाटलं, उगाच इतकी वर्षं घाबरले. त्यांनी पुढचा प्रश्न वाचला.

"तुमच्या नात्यात आले तर चालेल का?"

मशीन थांबलं.

"नाही."

बाईंनी 'नाही'वर खूण केली. डोळे भरून आले, ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. कागद पिशवीत घालून त्या उठल्या.

"मुलगी झाली म्हणे तुला," भाऊ खाली बघतच म्हणाला. "नाव काय ठेवलंस?"

"आईचं."

तो बराच वेळ हातातली शिवण चाचपत राहिला.

"ती खूण खोडू नकोस. मत माझं तेच आहे," तो म्हणाला. "रविवारी पोरीला घेऊन जेवायला ये. तिच्या बापालाही आण."