ठशाला कुंकू लावायचं नाही

सोजरवहिनीच्या छापायच्या लाकडी ठशाला कोणी कुंकू लावायला गेलं की ती फाडकन हातावर मारायची. समोर कोण आहे हे बघायची नाही. एकदा सरपंचाची आई ताम्हण घेऊन आली. जिवतीचा ठसा म्हणजे साक्षात देवीच, म्हणून तिनं चिमूटभर कुंकू उचललं आणि तिलाही फटका बसला.

"आवं, कुंकू रेषांत बसतं. पोरांची तोंडं बुजतात. देवी कागदावर हाय, हे नुस्तं लाकूड हाय. त्याला तेल लावा, कुंकू नका लावू."

म्हातारी रागानं निघून गेली. वहिनी बाभळीच्या काट्यानं सांडलेलं कुंकू उकरत बसली. तिच्या मागं तिच्याबद्दल गावात अर्धवट गोष्टी सांगतात. त्या मला खपत नाहीत. मी चौथीत शाळा सोडलेला नेकनूरचा सुतार. लिहायची सवय नाही, पण खरं काय ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

श्रावण लागला की लेकुरवाळ्या बाया भिंतीला जिवतीचा कागद चिकटवतात आणि लेकरांसाठी पूजा करतात. आता शहरातून रंगीत, चकचकीत कागद येतात. पण आमच्याकडं सोजरवहिनीच्या घरचा काळा-पांढरा कागदच चालायचा. तिच्या सासऱ्यानं सागवानी फळीवर जिवती कोरली होती. मांडीवर एक पोर, पाळण्यात एक, बाकीची भोवती खेळणारी, वर नरसिंह आणि किसनदेव. दिव्याची काजळी जवसाच्या तेलात घोटून शाई करायची, बोळ्यानं ठशावर लावायची, कागद ठेवायचा आणि वाटीच्या बुडानं घासायचं. कागद उचलला की जिवती उमटलेली असायची.

तिचा नवरा किसन माझा दोस्त. एकदा ठशाचा कोपरा उडाला आणि एका पोराचं तोंडच गेलं, तेव्हा तो ठसा माझ्याकडं घेऊन आला. मी नवा तुकडा असा बसवला की सांधा दिसेना. वर पोराचं तोंड कोरलं आणि ऐटीत घेऊन गेलो. वहिनीनं त्यावरून अंगठा फिरवला.

"मिस्तरी, हे पोर रडतंय."

"लाकडाचं पोर रडतं व्हय?"

"ओठ खाली गेलाय त्याचा. सणासुदीला रडकं पोर कोण लावंल भिंतीला? हसवा त्याला."

मी तिथंच भांडलो. माझ्या कामाला नाव ठेवलेलं मला चालत नाही. ती शांतपणे म्हणाली, "भांडण झालं असलं तर हत्यार काढा." काढलं. हसवलं पोराला. तेव्हापासून त्या घरात माझा चहा ठरलेला.

लोकांना वाटायचं, छापतो किसन. तो फक्त कागदाचे गठ्ठे डोक्यावर वाहायचा. तो स्वतःच सांगायचा, "मी छापलं की जिवतीला मिशा फुटतात." छापायची वहिनी आणि ठसा पुसायचीही वहिनीच. छापण्यापेक्षा पुसण्यात तिचा जीव जास्त. आधी कोरडं फडकं, मग रॉकेलचा बोळा, मग घायपाताच्या दोरांचा कुंचला आणि शेवटी प्रत्येक डोळ्यात, प्रत्येक बोटाच्या मधे बाभळीचा काटा. सुई कधी नाही, सुई लाकडाला जखम करते. पाणी तर लागूच द्यायचं नाही, लाकूड फुगतं. दुकानांतून रॉकेल नाहीसं झालं तेव्हा मी तिला पॉलिशवाल्याचं टर्पेंटाईन आणून दिलं. वास घेऊन म्हणाली, "देवीला सर्दी हुईल. पण असू द्या." ओली शाई निघते, वाळलेली भांडते, असं म्हणून ती पुसल्याशिवाय जेवायला बसायची नाही.

किसन गेला तो जेठात. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. आखाड उजाडला तशी वहिनीनं शाई घोटायला घेतली. भावकी कुजबुजली, पण तोंडावर कोणी बोललं नाही. छापून झाल्यावर ती कागद घेऊन बीडला निघाली. मला लाकूड आणायचंच होतं, मीही बरोबर गेलो. पेठेत मन्मथअप्पांचं पूजेच्या सामानाचं दुकान. माल दर साली तेच घ्यायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पाणी दिलं, किसनसाठी हळहळले आणि मग आवाज खाली आणला.

"वहिनी, माल तुमचाच घेतो. फक्त कुणी विचारलं तर दीर छापतो म्हणा."

"माझा दीर पुण्याला रिक्षा चालवतो."

"ते इथं कुणाला ठावं?"

"मला ठावं हाय की."

"आवं, लेकराबाळांचं काम हाय. मोकळ्या कपाळाच्या बाईच्या हातची जिवती कोण लावंल घरात?"

"अप्पा, गेल्या साली बी याच हातची व्हती. तुमच्या सुनेनं लावली न्हवं? नातू बरा हाय ना?"

अप्पा उदबत्तीचे पुडे सरळ करू लागले. नुसतं हो म्हणाली असती तर गठ्ठा तिथंच खपला असता. मीही हळूच म्हणालो, "वहिनी, म्हणून टाका." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी लाकडाच्या वखारीकडं चालू लागलो. मागून तिचा आवाज आला, "लपून छापायला मी काय नोटा छापते व्हय?"

पुढच्या बाजाराला नेकनूरच्या चौकात, बांगडीवाल्याच्या शेजारी, तिनं पोतं अंथरलं. ठसा, शाई, वाटी सगळं उघड्यावर. गर्दीसमोर छापायला बसली. बाया थांबायच्या, बघायच्या आणि पदर सावरून पुढं जायच्या. शेवटी भावकीतली, तिची जाऊबाई लागणारी एक पुढं आली.

"सोजर, लाज कशी वाटत न्हाई गं? नवरा जाऊन महिना न्हाई झाला, अन् जिवतीला हात लावतीस?"

वहिनीनं नुकता उमटलेला कागद तिच्यापुढं धरला.

"ही जिवती. ही तिची पोरं. आता हिचा नवरा कुठं हाय ते बोट ठेवून दाखव."

बाईनं खरंच कागदावर नजर फिरवली. नरसिंह दिसला, किसनदेव दिसला. जिवतीचा नवरा काही दिसेना.

"दिसला का? न्हाई ना? तिला कुणी इचारलं न्हाई. मला कावून इचारता?"

बाजार हसला, पण कागद कोणी घेतला नाही. तेव्हा आमची गिरजा, माझी बायको, भाजीची पिशवी खाली ठेवून पुढं आली. घरात सुनेच्या मांडीवर तान्हं लेकरू होतं. म्हणाली, "मला दे गं एक. ते रडकं पोर आता हसतंय का बघू दे."

आमच्या भिंतीला तो कागद लागला आणि सगळी गल्ली आमच्या लेकराकडं डोळे लावून बसली. श्रावण संपायच्या आधी त्याला ताप चढला. शेजारणी दारात आल्या. "काढा तो कागद, अजून येळ गेली न्हाई." सून रडकुंडीला आली. वहिनी तेवढी आली नाही. आपल्या ओट्यावर बसून पुसलेलाच ठसा पुन्हा पुन्हा पुसत होती, हे मी येताजाता बघितलं. गिरजा शेजारणींना म्हणाली, "कागद ऱ्हाईल. गाडी बोलवा." बीडला सलाईन लागली, लेकराचा ताप उतरला. गिरजानं घरी येऊन आधी जिवतीला ओवाळलं आणि मग शेजारणींना चहाला बोलावलं. एकीला सोडलं नाही.

त्यानंतर सगळं गाव सुधारलं असं मी लिहिणार नाही. पुढच्या साली काही जणींनी घेतला, काही जणींनी नाही. अप्पांच्या दुकानात तिचा कागद परत कधी लागला नाही. ती मात्र दर आखाडात चौकात बसली. लपली नाही.

गेल्या माघात ती गेली. जायच्या आधी मला बोलावून ठसा पुढं सरकवला. "मिस्तरी, मी गेल्यावर घरचे ह्याला देव्हाऱ्यात बसवतील. हळदीकुंकवात बुजून जाईल बिचारा. तुमी छापा."

"माझा हात जड हाय, वहिनी."

"मग हलका करा."

दीर पुण्याहून आला तो देव्हाऱ्याचंच बोलला. मी म्हणालो, "ठसा मिळायचा न्हाई." रागानं गेला. जाऊ दे.

यंदा आखाडात मी चौकात तिच्याच जागेवर पोतं अंथरलं. गिरजा जाऊन बरीच वर्षं झाली, हे बाजारातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तरी एकीनंही नाक मुरडलं नाही. उलट "बाबा, लई छान छापलंय," म्हणतात. मी प्रत्येकीला कागद देण्याआधी विचारतो, "बायको मेलेल्या माणसाच्या हातची हाय. चालंल का?"

"आता गं बाई! न चालायला काय झालं?"

"मग सोजरची कावून चालली न्हाई?"

काही जणी खाली बघतात. काही जणी हसून टाळतात. ती जाऊबाई लागणारीही आली होती, नातवासाठी कागद न्यायला. तिलाही विचारलं. तिनं कनवटीची पुडी सोडून कुंकवाचं बोट ठशाकडं नेलं.

मी तिच्या हातावर फाडकन मारलं.