दोनशे चव्वेचाळीस कोरे रकाने

मृणालिनीबाई तळपदे संख्याशास्त्र शिकवायच्या, आणि एखादी गोष्ट पटली नाही की "मला नाही पटत" एवढंच म्हणून गप्प बसायच्या. अंधेरीच्या त्या कॉलेजात सगळ्यांना त्यांच्या त्या गप्प बसण्याचीच धास्ती होती. तावातावाने भांडणाऱ्याची समजूत तरी घालता येते.

एकाहत्तर साली त्यांच्या हाताखाली प्रबंधासाठी सगुणा भानजी आली. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, घरातली पहिली पदवीधर. तिची आई अंजनाबाई बाजारात मासळी विकायची. विषय विभागप्रमुख विद्याधर सरांनी आधीच ठरवून ठेवला होता. अंजनाबाई जिथून मासळी उचलायची त्याच बंदरात रोज किती मासळी उतरली याच्या अकरा वर्षांच्या नोंदी होत्या. त्यातले चारशे एकतीस दिवस कोरे होते. ते कसे भरून काढायचे, हा प्रबंध. सर एका सरकारी समितीवर होते. त्या बंदरात बर्फाचा कारखाना आणि मोठ्या यांत्रिक बोटींसाठी नवा धक्का बांधायचं चाललं होतं, आणि समितीला सलग, भोकं नसलेला तक्ता हवा होता.

सगुणाने काम चोख केलं. कोऱ्या दिवसाच्या मागचे-पुढचे दिवस घ्यायचे, बाकीच्या वर्षांतला तोच आठवडा घ्यायचा आणि सरासरी काढायची. पद्धत बरोबर आहे का हे पाहायला तिने नोंद असलेले दोनशे दिवस मुद्दाम झाकून ठेवले आणि तेही याच रीतीने भरले. हाताने फिरवायच्या गणनयंत्राचा दांडा फिरवून फिरवून तिच्या तळव्याला घट्टे पडले. मग झाकलेले खरे आकडे काढून ताडून पाहिले. फरक फारच थोडा होता.

"झकास," विद्याधर सर म्हणाले. "आता लिहून काढ आणि मोकळी हो."

बाईंनी तक्ता आपल्याकडे ओढला. "सगुणा, हे दिवस कोरे का राहिले?"

"कारकून आला नसेल, बाई."

"नसेल? नसेल असं प्रबंधात कसं लिहिणार तू? जाऊन बघ."

सगुणाने घरी सहज विषय काढला. अंजनाबाई टोपली धूत होती. अलीकडच्या कोऱ्या दिवसांच्या तारखा ऐकल्यावर ती हात थांबवून म्हणाली, "त्यातल्या किती दिशी म्हावरंच नव्हतं गं. होड्या रिकाम्या आल्या. लिवणारा लिवील काय?"

दुसऱ्या दिवशी सगुणाने हे बाईंना सांगितलं ते जरा चाचरतच. आईचं बोलणं प्रबंधात कुठे बसणार? बाईंनी मात्र छत्री उचलली आणि दोघी दहिसरला गेल्या. नोंदी ठेवणारा काशीराम कारकून निवृत्त होऊन तिथे एका चाळीत राहत होता. त्याने पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि काहीही न लपवता सांगितलं.

"रकान्यावर लिहिलं होतं 'वजन'. वजनच नाही तर लिहू काय? एकदा शून्य लिहिलं, तर साहेब म्हणाले, तू गेलाच नव्हतास. पगार कापायला निघाले. तेव्हापासून मी तारीख घालायचो नि जागा सोडायचो."

"आणि तुम्ही खरंच रजेवर असाल तेव्हा?"

"तेव्हाही कोरंच. पण ते हजेरीबुकात सापडेल."

बंदराच्या कार्यालयाने हजेरीबुकं लगेच दाखवली. असल्या जुन्या वह्यांतून काही निघेल असं तिथे कुणाच्या मनातही आलं नाही. सगुणा तीन आठवडे खिडकीशी बसून एकेक तारीख लावत होती. चारशे एकतीसपैकी एकशे सत्त्याऐंशी दिवस काशीराम रजेवर होता. उरलेले दोनशे चव्वेचाळीस दिवस तो धक्क्यावर हजर होता, आणि रकाना कोरा होता. त्यातले एकशे एकाहत्तर दिवस शेवटच्या चार वर्षांतले.

सगुणाने आलेख नव्याने काढला. सरासरी भरली की रेघ हलकेच चढत जात होती. त्या दोनशे चव्वेचाळीस जागी शून्य घातलं की सातव्या वर्षानंतर ती खाली येत होती. मासळी कमी होत चालली होती, आणि कधीच न आलेली मासळी सरासरीने तक्त्यात आणून ओतली होती.

विद्याधर सरांनी दोन्ही आलेख पाहिले. ते वाईट माणूस नव्हते, पण समितीला पहिला आलेख देऊन बसले होते.

"कोळणीच्या आठवणीवर शास्त्र चालत नाही, मृणालिनीबाई. आणि तुमच्याच विद्यार्थिनीच्या चाचणीत सरासरीची पद्धत उत्तम ठरली की."

"चाचणीत झाकलेले दोनशे दिवस मासळी आलेले होते, सर. मासळी न आलेला एकही दिवस त्यात नव्हता. मग न आलेल्या दिवसांबद्दल ती चाचणी काय सांगणार? आणि आठवण बाजूला ठेवा. हजेरीबुक आहे."

"शून्यांचं ते चौथं प्रकरण प्रबंधातून काढा. नाहीतर माझी सही मिळणार नाही."

"मला नाही पटत," बाई म्हणाल्या आणि गप्प बसल्या. सर वाट बघत राहिले. शेवटी बाईच म्हणाल्या, "सही द्यायची नसेल तर कारण लिहून द्या. मी प्रबंधाला जोडते."

कारण लिहून देणं सहीपेक्षा महागात पडलं असतं. आठवडाभराने सरांनी सही केली, पण खाली शेरा मारला: 'चौथ्या प्रकरणाशी सहमत नाही.' सगुणाचा चेहरा उतरला.

"अगं, बरं झालं की," बाई म्हणाल्या. "आता परीक्षक आधी तेच प्रकरण उघडतील."

तसंच झालं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, शून्य आणि कोरं यात फरक काय. सगुणा म्हणाली, "शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन पाहिलंय, सर. कोरं म्हणजे पाहिलं की नाही तेच माहीत नाही. आमच्या नोंदीत दोन्ही एकाच रकान्यात पडली होती." त्यांनी मान डोलावली आणि बराच वेळ हजेरीबुकांबद्दलच विचारत राहिले.

सगुणाला पदवी मिळाली. कारखानाही मंजूर झाला, पहिल्याच आलेखावर. आणि पुढच्या वर्षी मृणालिनीबाईंची मार्गदर्शक म्हणून मान्यता पुढे चालू राहिली नाही. त्यांच्याकडे पहिल्या वर्षाचे वर्ग आले, शेकडेवारी आणि सरासरी शिकवायला. मध्ये एकदा निरोप आला, की समितीच्या तक्त्यावर त्यांनीही सही केली तर मान्यतेचं पाहता येईल. सोबत आलेला तक्ता त्यांनी न उघडता परत पाठवला. संशोधन हातातून गेल्याचं दुःख त्यांना होतंच, ते त्यांनी नाकारलं नाही.

सगुणा मत्स्यखात्यात लागली. तीन वर्षं अर्ज करकरून तिने नोंदीच्या छापील फॉर्मात दोन नवे रकाने घालून घेतले: 'मासळी आली नाही' आणि 'नोंद झाली नाही'.

इकडे बाईंच्या मुलुंडच्या घरी शनिवारी दुपारी मुली येऊ लागल्या. इतरांच्या हाताखालच्या मुली, आपापले भोकं पडलेले तक्ते घेऊन. पावसाचे, दवाखान्यांचे, गिरणीतल्या हजेरीचे. बाई प्रत्येकीला आधी जागेवर जाऊन यायला लावत. शहात्तरच्या सुमाराला कॉलेजातून खुलासा मागवणारं पत्र आलं: मान्यता नसताना मार्गदर्शन कसं करता?

बाईंनी उत्तर पाठवलं. 'शनिवारी माझ्या घरी चहाला कोण येतं हे कॉलेजला कळवावं, असा नियम मला सापडला नाही. सापडल्यास प्रत पाठवावी.'

नियमाची प्रत आली नाही. पुढच्या शनिवारी क्षमा नावाची एक नवी मुलगी विहिरींच्या पाण्याच्या नोंदी घेऊन दारात उभी राहिली. बाईंनी तिला आत घेतलं, वही उघडली आणि पहिल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"ही विहीर कुठे आहे? तू पाहिलीस?"