कुलाबा किल्ला: चालत गेलो, होडीनं परतलो

अलिबागला येणारे बहुतेक जण समुद्रातला कुलाबा किल्ला किनाऱ्यावरूनच बघतात, भेळ खातात आणि घरी जातात. एकेकाळी ती मराठी आरमाराची राजधानी होती, जरा आत जाऊन बघा. मात्र ओहोटीची वेळ विचारून जा, आणि एकाला नव्हे, दोघांना विचारा. हे शहाणपण मला साठ-एकसष्टच्या थंडीत आलं, तेव्हा मी कॉलेजात होते.

जायचं ठरवलं आईनं. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा अलिबागचा मामा, छातीच्या दुखण्यातून कसाबसा वाचला होता. तो अंथरुणाला खिळलेला असताना आई किल्ल्यातल्या गणपतीला बोलली होती, "याला उठव, याला घेऊन समुद्रातून चालत तुझ्या दारी येईन." संकष्टीचा मुहूर्त धरून आम्ही मायलेकींनी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली. पोटात होतं नव्हतं ते मी वाटेत दर्याला अर्पण केलं, तेव्हा रिकाम्या पोटी जा आणि लिंबू जवळ ठेवा. रेवसहून अलिबागपर्यंत एस.टी. मिळते, धूळ फुकट.

संध्याकाळी मामानं हिराकोट दाखवला. सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, आपला खजिना इथं ठेवत. पुढे त्याचा तुरुंग झाला. घरी परसात पोपटी लावली होती. मडक्यात पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा थंडीत इथं आलात तर सोडू नका. शेंगा सोलता सोलता मामा बोटांवर हिशेब करू लागला. "उद्या संकष्टी, म्हणजे चतुर्थी. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, चाराचे पाऊणपट तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती, तर सकाळी नवाला पूर्ण ओहोटी. साडेदहापर्यंत बिनघोर फिरा!" आई तेव्हा आत देवापाशी होती.

सकाळी ओल्या वाळूतून निघालो. नऊवारीचा काचा मारून आई झपाझप पुढे, मामा मध्येच थांबून दम खाणारा, मी मागे. पाणी जेमतेम घोट्याला लागत होतं. किल्ल्यात शिरल्यावर मामाला उत्साहाचं भरतं आलं. तटाचे हे प्रचंड दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत, फटींत शिरून लाटेचा जोर मरतो, हे त्यानं प्रत्येक बुरुजापाशी नव्यानं सांगितलं. पडलेला वाडा, भर समुद्रात गोड्या पाण्याचं तळं, चाकांवरच्या दोन तोफा. यातला निम्मा इतिहास त्याच्या पदरचा असावा, पण ऐकायला मजा येत होती. गणपतीपुढे आई भावाचा हात धरून डोळे मिटून उभी राहिली, ती हलेचना.

परत निघालो तेव्हा साडेदहा व्हायचे होते. निम्म्या वाटेवर पाणी गुडघ्याला आलं. दोन्ही बाजूंनी येत होतं, पायाखालची वाळू सरकत होती. मागून किल्ल्याच्या खडकावर कालवं फोडणारी कोळीण ओरडली, "आवो, म्होरं जाव नका! काठाला आधी पानी भरतं! माघारी या!"

"काही होत नाही," मामा म्हणाला. "गाव समोर दिसतंय. चतुर्थीला इतक्यात पाणी येत नाही."

आई जागच्या जागी थांबली. "चतुर्थी? अरे, चतुर्थी दुपारनंतर लागते! रात्री चंद्रोदयाला चतुर्थी म्हणून संकष्टी आज. आत्ता तृतीयाच आहे!"

मामाचा चेहरा पांढरा पडला. तृतीया म्हणजे भरती पाऊण तास अलीकडे. तिला तिथी ठाऊक, त्याला गणित ठाऊक, आणि दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. मी इतकी घाबरले की मला रडूही येईना.

आई म्हणाली, "फीर मागे." मामा तरी पुढेच बघत होता. तिनं त्याच्या सदऱ्याला धरून ओढलं, दुसऱ्या हातानं माझं मनगट पकडलं. पाणी कमरेला लागलं. मामाला खोकल्याची उबळ आली, तो वाकला आणि एक लाट त्याच्या तोंडावरून गेली. आईचं लुगडं पाण्यानं जड झालं होतं, तरी तिनं कुणाचाही हात सोडला नाही. तिचे ओठ हलत होते. कोळीण छातीभर पाण्यात उतरली आणि तिनं मामाला बखोट धरून वर घेतलं.

दुपारी भर भरतीत तिच्याच नवऱ्याच्या होडीनं आम्ही परतलो. "जीव गेला असता ताई," मामा म्हणाला. आईनं त्याचं डोकं पदरानं पुसून दिलं.

मुंबईला आल्यावरही झोपेत मला पायाखालची वाळू सरकल्यासारखी वाटे. तो किल्ला आठवला की आधी तोफा नाही, आईच्या मुठीतलं माझं मनगट आठवतं. दोन दिवस ते काळंनिळं होतं. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता आई सहज म्हणाली, "पुन्हा जायला हवं. पाण्यात असताना आणखी एक नवस बोलून बसले. पुन्हा चालत येईन म्हणून."

माझा तोल सुटला. "वेड लागलंय का तुला? त्याच पाण्यात? मी बुडाले असते म्हणजे?"

आईनं विळीवरून मान वर केली.

"म्हणून तर बोलले," ती म्हणाली.